ईमेल खाते सुरक्षित कसे ठेवावे: कोणत्या क्रमाने काय करावे

जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळाच्या लॉग-इन पानावर ‘पासवर्ड विसरलात?’ अशी एक लहानशी ओळ असते. तिच्यावर क्लिक केले, की ते संकेतस्थळ तुमच्या ईमेल पत्त्यावर एक लिंक पाठवते आणि ती लिंक उघडणाऱ्याला नवा पासवर्ड ठरवू देते. लिंक उघडणारे तुम्हीच आहात की दुसरे कोणी, हे त्या संकेतस्थळाला कळत नाही. ईमेल ज्याच्या हाती तो खातेदार, एवढाच त्याचा हिशेब असतो. बाकीच्या सगळ्या खात्यांच्या किल्ल्या ज्या खुंटीला टांगलेल्या असतात, ती खुंटी म्हणजे ईमेल खाते.

पासवर्ड ठेवण्यापलीकडे या खुंटीची आजवर ज्यांनी काळजी घेतलेली नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. त्यासाठी संगणकाची विशेष जाण लागत नाही; सलग दोन तास, स्वतःचा फोन आणि शक्यतो स्वतःचा संगणक एवढे पुरते. जीमेल, आउटलुक, याहू यांच्या मेनूंतील नावे वेगवेगळी असली आणि अधूनमधून बदलत असली, तरी ‘सुरक्षा’ किंवा ‘खाते सेटिंग्ज’ या शीर्षकांखाली पुढील बहुतेक गोष्टी सापडतात. क्रम मात्र मोडू नये. पुष्कळ जण सर्वप्रथम पासवर्ड बदलतात आणि तिथेच थांबतात. पासवर्ड बदलणे आवश्यकच आहे, पण इथे ती तिसरी पायरी आहे.

खाते जाते ते कोणत्या वाटेने

लॉग-इन पानावर एकामागून एक पासवर्ड टाकून पाहण्याचा उद्योग फारसा चालत नाही, कारण काही चुकीच्या प्रयत्नांनंतर सेवा वाट अडवते. प्रत्यक्षात चोर सोप्या वाटा धरतात. पहिली वाट म्हणजे दुसरीकडून फुटलेला पासवर्ड: एखाद्या भलत्याच संकेतस्थळाची माहिती चोरीला जाते, त्या यादीत तुमचा ईमेल पत्ता व पासवर्ड असतो आणि तीच जोडी आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या मदतीने शेकडो ठिकाणी लावून पाहिली जाते. दुसरी वाट म्हणजे फिशिंग, म्हणजेच हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर तुमच्याच हातून पासवर्ड लिहून घेणे. तिसरी वाट ‘पासवर्ड विसरलो’ असे तुमच्या नावाने सांगण्याची, आणि चौथी तुमच्या संगणकात शिरलेल्या चोरट्या प्रोग्रॅमची. या चारही वाटांवर कुलूप फोडावे लागत नाही; किल्ली कोठून तरी मिळवली जाते. त्यामुळे ‘माझा पासवर्ड फार अवघड आहे’ हे समाधान एकट्याने पुरेसे ठरत नाही.

पायरी १: आत आधीच कोणी आहे का ते पाहा

खात्याच्या सुरक्षा विभागात ‘तुमची उपकरणे’ किंवा ‘अलीकडील क्रियाकलाप’ अशी नोंद असते. कोणत्या फोनवरून, कोणत्या संगणकावरून आणि साधारण कधी हे खाते उघडले गेले, याची यादी तिथे दिसते. विकून टाकलेला जुना फोन, पूर्वीच्या कार्यालयातला संगणक, कधीतरी पाहुण्यांच्या घरी उघडून तसेच राहिलेले लॉग-इन यांपैकी काही ना काही तिथे हटकून सापडते. जे ओळखता येत नाही किंवा आता वापरात नाही, त्या प्रत्येकाला साइन-आउट करावे. यादीतील ठिकाणाचे नाव मात्र अंदाजाने दिलेले असते. इंटरनेट पुरवठादाराच्या जोडणीवरून ते काढले जात असल्यामुळे तुम्ही एका शहरात असताना दुसऱ्याच शहराचे नाव दिसू शकते, आणि तेवढ्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. उपकरणाचा प्रकार आणि वेळ जुळते का, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

यानंतर मेलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तीन गोष्टी तपासाव्यात, आणि त्या तपासताना घाई करू नये. पहिली गोष्ट फॉरवर्डिंगची: तुमच्या प्रत्येक मेलची प्रत दुसऱ्या कोणत्या पत्त्यावर जात नाही ना, याची खात्री करावी. दुसरी गोष्ट फिल्टर अथवा नियमांची. हुशार चोर आत शिरला, की ‘पासवर्ड’, ‘सुरक्षा’, ‘बँक’ असे शब्द असलेले मेल थेट कचऱ्यात किंवा संग्रहात टाकणारा नियम बनवून ठेवतो, त्यामुळे सावध करणारे मेल आलेले असूनही मालकाच्या नजरेला पडत नाहीत. तिसरी गोष्ट म्हणजे खात्याशी जोडलेली बाहेरची अ‍ॅप्स आणि ज्यांना मेल वाचण्याचा अधिकार दिलेला आहे असे इतर लोक. वर्षापूर्वी एकदाच वापरलेल्या खेळाला किंवा फोटो सजवणाऱ्या अ‍ॅपला तुमचे मेल वाचण्याची परवानगी अजून चालू असेल, तर ती काढून टाकावी.

माझ्या ओळखीतील एका गृहस्थांनी दोन महिन्यांत तीनदा पासवर्ड बदलला होता आणि तरीही त्यांच्या पत्रव्यवहारातील मजकूर भलत्याच माणसाला कळत होता. फॉरवर्डिंगच्या रकान्यात एक अनोळखी पत्ता शांतपणे बसलेला होता. पासवर्ड बदलल्याने तो हलत नाही. तपासणी पासवर्डच्या आधी ठेवण्याचे कारण हेच.

पायरी २: परतीच्या वाटा आपल्याच हाती ठेवा

पासवर्ड विसरल्यास खाते परत मिळावे म्हणून सेवा तुमच्याकडून एक फोन क्रमांक आणि एक दुसरा ईमेल पत्ता घेऊन ठेवते. खात्याची पुढची बाजू कितीही भक्कम केली, तरी ही मागची बाजू उघडी राहिली तर सगळा खटाटोप व्यर्थ जातो. तिथे असलेला फोन क्रमांक आजही तुमच्याच नावावर आहे का, हे पाहावे. बंद केलेला क्रमांक काही काळाने कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देते आणि मग तुमचे कोड त्या अनोळखी माणसाच्या फोनवर जातात. दुसरा ईमेल पत्ता जुन्या महाविद्यालयाचा किंवा सोडलेल्या नोकरीतला असेल, तर तो आजच बदलावा. तो दुसरा पत्ताही या लेखातील सगळ्या पायऱ्यांतून गेलेला असावा, कारण त्याच्यामार्फत पहिल्या खात्यात शिरता येते.

आईचे माहेरचे आडनाव, पहिली शाळा, पाळीव प्राण्याचे नाव असे सुरक्षा-प्रश्न पुष्कळ मोठ्या सेवांनी आता सोडून दिले आहेत. त्यांचा धोका २००८ साली ठळकपणे दिसला. अमेरिकेत उपराष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवणाऱ्या सारा पेलिन यांचे याहूवरील वैयक्तिक खाते एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने उघडले, आणि त्यासाठी त्याने कसलेही तांत्रिक कसब वापरले नाही. जन्मतारीख, टपालाचा पिनकोड आणि पतीशी पहिली भेट कोठे झाली, या प्रश्नांची उत्तरे त्याने इंटरनेटवरील उघड माहितीतून शोधली आणि पासवर्ड नव्याने ठरवला. एखादे संकेतस्थळ अजूनही असे प्रश्न विचारत असेल, तर खरे उत्तर देण्याचे बंधन तुमच्यावर नाही. ‘पहिली शाळा कोणती?’ या प्रश्नाला असंबद्ध उत्तर द्यावे आणि ते पासवर्डाप्रमाणेच जपून नोंदवून ठेवावे.

पायरी ३: या एका खात्यासाठी वेगळा, लांब पासवर्ड

पासवर्डच्या बाबतीत पहिला नियम अवघडपणाचा नसून वेगळेपणाचा आहे: ईमेलचा पासवर्ड जगात दुसऱ्या कोठेही वापरलेला नसावा. २०१२ मध्ये लिंक्डइनमधून पासवर्डांची चोरी झाली, तेव्हा सुमारे ६५ लाख सांकेतिक नोंदी उघड झाल्या होत्या. २०१६ मध्ये त्याच चोरीतील ११ कोटी ७० लाख ईमेल पत्ते व पासवर्ड विक्रीला आल्याचे समोर आले. याहूमधील २०१३ ची चोरी त्याहून मोठी होती. प्रथम १०० कोटी खात्यांचा आकडा जाहीर झाला आणि २०१७ मध्ये कंपनीने तो तिप्पट, म्हणजे त्या वेळच्या सर्वच्या सर्व ३०० कोटी खात्यांचा असल्याचे मान्य केले. दोन्ही घटनांत चोरी आणि तिचा पूर्ण उलगडा यांच्यात चार वर्षे गेली. एवढ्या काळात फुटलेला पासवर्ड किती ठिकाणी लावून पाहिला गेला असेल, याचा अंदाज बांधता येतो. आपला पत्ता अशा एखाद्या यादीत आहे का, हे सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. तिथे केवळ ईमेल पत्ता लिहायचा असतो. पत्ता यादीत सापडला तर ज्या संकेतस्थळाचे नाव येईल, तिथला पासवर्ड आणि तोच पासवर्ड जिथे जिथे वापरला असेल तिथला बदलावा.

दुसरा नियम लांबीचा. आठ लहान इंग्रजी अक्षरांच्या पासवर्डाचे सुमारे २० हजार ८८२ कोटी प्रकार होतात. हा आकडा प्रचंड वाटतो, पण चोरलेली यादी स्वतःच्या यंत्रावर घेऊन बसलेला चोर, ती यादी कच्च्या पद्धतीने साठवलेली असेल तर, एवढे सगळे प्रकार काही मिनिटांत तपासू शकतो. शेवटी एक उद्गारचिन्ह आणि १ हा आकडा जोडल्याने फारसा फरक पडत नाही, कारण माणसे नेमकी कोठे काय जोडतात हे चोरांना पाठ झालेले आहे. नावातल्या एका अक्षराच्या जागी त्याच्यासारखा दिसणारा आकडा घालण्याची युक्तीही तितकीच जुनी झाली आहे.

त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द ओळीने लिहावेत. शब्द स्वतःला सुचलेले नकोत; मनाला सुचणाऱ्या शब्दांना आपले घर, आवडी आणि मुलांची नावे चिकटलेली असतात. डाइसवेअर नावाच्या पद्धतीत पाच वेळा फासा टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतून एक शब्द निवडतात. असे पाच शब्द घेतले, तर २८ वर अठरा शून्ये एवढे प्रकार होतात, आणि तरीही पाच शब्द दोन-तीन दिवसांत तोंडपाठ होतात. शब्दकोश हाती घेऊन डोळे मिटून पान उघडले तरी काम भागते. मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिले तरी चालतात. मात्र म्हण, ओवी, श्लोक किंवा गाण्याची ओळ अजिबात घेऊ नये, कारण जे दहा जणांना पाठ आहे ते यादीत असणारच.

पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलावा, ही जुनी शिकवण आता मागे पडली आहे. एनआयएसटी या अमेरिकेच्या मानकसंस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ठराविक काळाने सक्तीने पासवर्ड बदलण्याची आणि चिन्हे-आकडे मिसळण्याची अट घालू नये, असे सांगितले. २००३ मधील मूळ सूचना लिहिणारे बिल बर यांनीही त्या सूचनांबद्दल पुढे खेद व्यक्त केला. सक्ती झाली, की माणसे शेवटचा आकडा एकने वाढवतात, याहून अधिक काही करत नाहीत. पासवर्ड फुटल्याची शंका आली तरच, पण तेव्हा लगेच, तो बदलावा.

इतर सगळ्या खात्यांचे पासवर्ड लक्षात ठेवण्याचा प्रयत्न सोडून द्यावा आणि ते काम पासवर्ड मॅनेजरकडे, म्हणजे सगळे पासवर्ड कुलूपबंद साठवून गरजेनुसार भरून देणाऱ्या प्रोग्रॅमकडे, सोपवावे. फोन आणि ब्राउझर यांच्यासोबत येणारा मॅनेजर नवशिक्यांना पुरेसा असतो. त्याचा भरवसा वाटत नसेल, तर घरात जपून ठेवलेली कागदी वही हाही अगदी योग्य पर्याय आहे. दूर देशात बसलेल्या चोराला तुमच्या कपाटापर्यंत पोहोचता येत नाही. मॉनिटरला चिकटवलेली चिठ्ठी मात्र या सवलतीत बसत नाही, आणि स्वतःलाच मेल करून ठेवलेली पासवर्डांची यादी तर मुळीच नाही.

पायरी ४: दुहेरी पडताळणी सुरू करा

पासवर्ड कळला तरी खाते उघडू नये, यासाठी दुसरा पुरावा मागण्याची ही सोय आहे. तिचे तीन प्रमुख प्रकार आहेत आणि त्यांची ताकद सारखी नाही.

एसएमएसने येणारा कोड सर्वांत परिचित व सर्वांत दुबळा. फोन कंपनीला फसवून तुमचा क्रमांक स्वतःच्या सिमवर वळवून घेण्याचा गुन्हा बऱ्याच देशांत घडतो, आणि क्रमांक वळला की कोडही वळतात. फोनचे नेटवर्क कारणाशिवाय अचानक गेले आणि बराच वेळ आले नाही, तर दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारणे म्हणूनच शहाणपणाचे. असे असले तरी काहीच नसण्यापेक्षा एसएमएस शतपटीने बरा; दुसरा पर्याय जमत नसेल तर हा जरूर सुरू करावा.

ऑथेंटिकेटर अ‍ॅप हा त्याहून चांगला पर्याय आहे. सुरुवातीला क्यूआर कोड स्कॅन करताना एक गुप्त संख्या तुमच्या फोनमध्ये साठवली जाते, आणि पुढे ती संख्या व घड्याळातील वेळ यांच्या गणितातून दर ३० सेकंदांनी नवा सहा अंकी कोड तयार होतो. हा कोड कोठून येत नाही, फोनमध्येच तयार होतो. त्यामुळे नेटवर्क नसतानाही तो मिळतो आणि सिम वळवून चोराच्या हाती लागत नाही.

तिसरा प्रकार पासकी (फोन किंवा संगणकात साठवलेली डिजिटल किल्ली) आणि सुरक्षा-किल्ली (त्याच कामाचे वेगळे, लहानसे यंत्र) यांचा. इथे कोड लिहायचाच नसतो. फोन किंवा लहानसे यंत्र संकेतस्थळाशी परस्पर पडताळणी करते आणि तुम्ही केवळ बोट टेकवता किंवा स्क्रीनलॉक उघडता. मोठा फायदा असा, की ही किल्ली ज्या संकेतस्थळासाठी बनवली त्याच पत्त्यावर चालते; बनावट पान माणसाच्या डोळ्यांना कितीही खरे वाटले, तरी किल्लीच्या दृष्टीने तो पत्ताच वेगळा असतो आणि ती गप्प राहते. गूगलने २०१७ पासून आपल्या ८५ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना अशा किल्ल्या सक्तीच्या केल्या आणि त्यानंतर कोणाचेही कामाचे खाते फिशिंगने गेल्याचे आढळले नाही, असे कंपनीने २०१८ मध्ये सांगितले. वैयक्तिक गूगल खात्यांना पासकीची सोय मे २०२३ मध्ये मिळाली. तुमचा फोन ती चालवू शकत असेल, तर माझ्या मते नवशिक्यानेही थेट पासकीच घ्यावी. ती वापरायला पासवर्डापेक्षा सोपी आहे.

कोणताही प्रकार निवडला, तरी फोन हाताशी नसताना वापरायचे बॅकअप कोड घेतल्याशिवाय ते पान बंद करू नये. गूगल आठ अंकी दहा कोड देते आणि त्यांतील प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवावेत. फोन हरवल्याने किंवा जुना फोन पुसून टाकल्यावर ऑथेंटिकेटर नव्या फोनवर न्यायचा राहून गेल्याने स्वतःच्याच खात्याबाहेर अडकलेली माणसे मी बरीच पाहिली आहेत, आणि त्यांच्या बाबतीत दोष द्यायला हॅकरही सापडत नाही.

‘तुम्हीच लॉग-इन करत आहात का?’ अशी सूचना फोनवर येते, तेव्हा स्वतः लॉग-इन करत नसाल तर ‘नाही’ दाबावे, आणि ती दहा वेळा आली तर दहाही वेळा ‘नाही’च दाबावे. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीत झालेला शिरकाव असाच होता: पासवर्ड हाती असलेल्या चोराने एका कंत्राटी कर्मचाऱ्याच्या फोनवर विनंत्यांचा मारा चालू ठेवला आणि शेवटी त्या कर्मचाऱ्याने एकीला होकार दिला. अशी सूचना येणे याचा अर्थ बहुधा तुमचा पासवर्ड कोणाला तरी ठाऊक झाला आहे, म्हणून नकार दिल्यावर पासवर्डही बदलावा.

पायरी ५: सापळा ओळखायला शिका

१९ मार्च २०१६ रोजी हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारमोहिमेचे अध्यक्ष जॉन पोडेस्टा यांना गूगलच्या नावाने एक मेल आला. ‘तुमचा पासवर्ड कोणाच्या तरी हाती लागला आहे, तो ताबडतोब बदला’ असा त्याचा आशय होता आणि खाली एक संक्षिप्त केलेली लिंक होती. कार्यालयातील तंत्र-साहाय्यकाला विचारले असता त्याने हा मेल खरा असल्याचे उत्तर लिहिले. आपल्याला ‘बनावट’ असे लिहायचे होते, असे त्याने नंतर सांगितले. गंमत अशी, की त्याच्या उत्तरात गूगलच्या खऱ्या पानाचा पत्ताही दिलेला होता. क्लिक झाले ते मात्र मेलमधील लिंकवर, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून पोडेस्टा यांचे हजारो मेल गुप्त कागदपत्रे उघड करणाऱ्या विकिलीक्स या संकेतस्थळावर प्रसिद्ध होऊ लागले.

या घटनेतून मी एकच सवय घेतली आहे आणि तीच सुचवतो: मेल खरा की खोटा, याचा निवाडा करत बसू नये. निवाडा चुकू शकतो, आणि तो जाणकारांचाही चुकतो. खात्याबद्दल काहीही सांगणारा मेल आला, की तो तसाच ठेवून ब्राउझरमध्ये पत्ता स्वतःच्या हाताने लिहावा किंवा फोनमधील अ‍ॅप उघडावे आणि तिथल्या सुरक्षा विभागात काही सूचना आहे का, ते पाहावे. सूचना खरी असेल तर ती तिथे दिसेल.

तरीही पत्ता वाचता येणे उपयोगाचे असते. लिंकमधील पहिल्या एकेरी तिरप्या रेघेपर्यंत जावे आणि तिथून मागे, उजवीकडून डावीकडे वाचत यावे. खरा मालक शेवटच्या दोन तुकड्यांत असतो, आणि काही देशांच्या पत्त्यांत तीन तुकड्यांत. ‘गूगल डॉट कॉम डॉट खाते-तपासणी डॉट नेट’ असा पत्ता असेल, तर त्याचा गूगलशी काडीचा संबंध नसून तो ‘खाते-तपासणी डॉट नेट’ या नावाच्या मालकाचा आहे. रोमन लिपीतील आर आणि एन ही लहान अक्षरे शेजारी आली की एमसारखी दिसतात, आणि रशियन लिपीतील ए तर डोळ्यांनी वेगळा ओळखताच येत नाही. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर भिस्त ठेवू नये. जोडणी सांकेतिक आहे, म्हणजे मजकूर वाटेत कोणाला वाचता येत नाही, एवढेच ते सांगते, पलीकडे कोण बसले आहे हे नाही. पाठवणाऱ्याचे नाव तर कोणालाही काहीही लिहिता येते. पासवर्ड मॅनेजर वापरत असाल आणि नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या पानावर भरला गेला नाही, तर हाताने लिहिण्याआधी थांबावे: त्याने पत्ता जुळवून पाहिला आहे आणि तो जुळलेला नाही.

काही सापळे वारंवार येतात. ‘साठवणुकीची जागा संपली, मेल बंद होतील’ हा एक. जुना पासवर्ड विषयाच्या ओळीत छापून ‘तुमच्या कॅमेऱ्यातून चित्रीकरण केले आहे, पैसे द्या’ अशी धमकी हा दुसरा, जो २०१८ पासून फार पसरला. तो पासवर्ड जुन्या फुटलेल्या यादीतून उचललेला असतो, चित्रीकरण नसते, आणि पैसे देऊ नयेत. अटॅचमेंट म्हणून आलेले, उघडल्यावर लॉग-इन मागणारे पान हा तिसरा. ३ मे २०१७ रोजी पसरलेल्या सापळ्यात तर पासवर्ड मागितलाच नव्हता: ‘गूगल डॉक्स’ हे नाव धारण केलेले एक बनावट अ‍ॅप गूगलच्याच खऱ्या पानावर मेल वाचण्याची परवानगी मागत होते, आणि ज्यांनी ती दिली त्यांच्या संपर्कयादीला तेच आमंत्रण पुढे जात होते. ‘परवानगी द्या’ हे बटण पासवर्डाइतक्याच गांभीर्याने घ्यावे.

ओटीपी विचारणारा फोन आला, तर समोरचा स्वतःला कोणीही म्हणवो, फोन ठेवावा. ओटीपी तुमच्याकडे पाठवला जातो तो तुम्ही पानावर लिहावा म्हणून. कर्मचाऱ्याला तो ऐकण्याची गरज कधीच नसते. बनावट पानेही आता पासवर्डापाठोपाठ कोड मागतात आणि त्याच क्षणी खऱ्या पानावर टाकतात, म्हणून ‘कोड मागितला, म्हणजे पान खरे’ हा तर्कही खोटा आहे.

पायरी ६: फोन आणि संगणक

ही पायरी छोटी आहे. सिस्टिम आणि ब्राउझर यांचे अपडेट आपोआप होऊ द्यावेत. फुकटात मिळणारी ‘क्रॅक’ केलेली सॉफ्टवेअर घेऊ नयेत. साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉग-इनच्या कुकीज (तुम्ही आत आहात हे संकेतस्थळाला सांगणाऱ्या, ब्राउझरमधील छोट्या नोंदी) चोरणारे प्रोग्रॅम बऱ्याचदा त्यांच्यातूनच येतात, आणि चालू लॉग-इन चोरले गेले तर दुहेरी पडताळणीही विचारली जात नाही. वापरात नसलेली ब्राउझर एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, काढावीत. फोनला स्क्रीनलॉक असावे आणि लॉक असताना संदेशाचा मजकूर पडद्यावर दिसू नये, अशी सेटिंग करावी. दुसऱ्याच्या संगणकावर ईमेल उघडण्याची वेळ आलीच, तर ब्राउझरची खासगी (इन्कग्निटो) खिडकी वापरून काम होताच ती बंद करावी.

खाते गेलेच, तर

सर्वप्रथम, ज्या उपकरणावर संशय आहे ते बाजूला ठेवून दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून काम सुरू करावे. लॉग-इन अजून होत असेल, तर पासवर्ड बदलून सगळ्या उपकरणांतून साइन-आउट करावे आणि मग पहिल्या व दुसऱ्या पायरीतील प्रत्येक तपासणी पुन्हा करावी. ‘अ‍ॅप पासवर्ड’ (एखाद्या बाहेरच्या मेल-अ‍ॅपसाठी तयार करून मिळणारा वेगळा पासवर्ड) नावाची सोय असेल, तर तिथे नवीन काही तयार झालेले नाही ना, तेही पाहावे, कारण ते पासवर्ड दुसरा पुरावा न मागता चालतात.

लॉग-इनच होत नसेल, तर सेवेच्या अधिकृत रिकव्हरी पानावर जावे. नेहमीच्या घरातून, नेहमीच्या संगणकावरून आणि नेहमीच्या ब्राउझरमधून प्रयत्न केल्यास तुमचा दावा खरा मानला जाण्याची शक्यता वाढते. तो संगणकच संशयित असेल, तर आधी तो साफ करून घ्यावा. जुना पासवर्ड आठवत असेल तर अंदाजे का होईना, तो लिहावा. पैसे घेऊन खाते परत मिळवून देतो, असे सांगणाऱ्यांपासून दूर राहावे. हतबल झालेल्या माणसाला दुसऱ्यांदा लुबाडण्याचा तो धंदा आहे.

खाते हाती आल्यावर, किंवा येईपर्यंतही, बँकेला कळवावे आणि त्या ईमेलवर चालणाऱ्या बाकीच्या खात्यांचे पासवर्ड पैशांच्या खात्यांपासून सुरू करून बदलावेत. ओळखीच्यांना फोनवरून सांगावे, कारण तुमच्या नावाने ‘अडचणीत आहे, पैसे पाठव’ असे मेल बहुधा त्यांना गेलेलेच असतात. ‘पाठवलेले’ आणि ‘कचरा’ ही दोन्ही फोल्डर वाचून काढावीत. चोराने काय शोधले याचा माग तिथे लागतो. मेलच्या शोधपट्टीत ‘पासवर्ड’, ‘पासपोर्ट’, ‘खाते क्रमांक’ असे शब्द टाकून पाहिले, तर त्याच्या हाती काय लागले असेल हेही कळते. खरे तर ही शोधाशोध काहीही घडलेले नसताना आजच करावी आणि ओळखपत्रांच्या जुन्या प्रती मेलमधून हलवून कचराही रिकामा करावा.

जुनी, विसरलेली खाती

शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. पंधरा वर्षांपूर्वी उघडलेला एखादा ईमेल पत्ता आजही कोठेतरी तुमच्या नावाने नोंदलेला असतो. २०१३ मध्ये याहूने वर्षभर न वापरलेली नावे नव्या ग्राहकांना देण्यास सुरुवात केली, तेव्हा त्या नव्या मालकांना आधीच्या मालकांचे खासगी मेल येऊ लागल्याच्या तक्रारी झाल्या. गूगल आता दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकू शकते. म्हणून जुना पत्ता आठवल्यास त्यात एकदा शिरावे, ‘स्वागत’ आणि ‘नोंदणी’ हे शब्द शोधून त्या पत्त्यावर कोणकोणती खाती उघडली होती याची यादी करावी, ती सर्व खाती नव्या पत्त्यावर हलवावीत, आणि यादीतील शेवटचे नाव खोडून झाल्यावरच तो पत्ता बंद करावा.